लाल गोळ्या आणि ओट्यावरच्या गप्पा

जामखेडला दर आठवड्याला जमणाऱ्या बायांबद्दल माझं मत नोकरी लागली तेव्हापासून पक्कं होतं. त्या गप्पा मारायला जातात, असं मी म्हणायची. तेही मनातल्या मनात नव्हे. महिन्याच्या मीटिंगला, चहाच्या वेळी, चारचौघींत. गावोगावच्या बाया एसटीने, मिळेल त्या गाडीने, नाहीतर चालत आरोळे डॉक्टरांच्या दवाखान्यात यायच्या, मुक्कामाला राहायच्या, एका पंगतीत जेवायच्या, गाणी म्हणायच्या, घरची गाऱ्हाणी एकमेकींना सांगायच्या आणि त्यातच केव्हातरी जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं ते शिकायच्या. मी सरकारी एएनएम. रीतसर प्रशिक्षण, परीक्षा, पांढरी साडी, सहीशिक्क्याची नेमणूक. त्या बायांतल्या कित्येकींना सही येत नव्हती. त्यांच्या गावात गेलं की लोक मला खुर्ची द्यायचे आणि सल्ला मात्र त्यांना विचारायचे. तेव्हा माझ्या मतात असूया अजिबात नव्हती असं मी म्हटलं, तर माझ्या बरोबरच्या नर्सा हसतील.

पण असूया सोडली तरी त्या मतामागे एक विचार होता. आजार शरीराचा असतो आणि शरीर मोजता येतं. हिमोग्लोबिन, लघवीतली साखर, बीपी, वजन, लशीची तारीख. माणूस सुखात आहे की नाही हे विचारायला आमच्याकडे वेळ नव्हता आणि रजिस्टरात तसा रकानाही नव्हता. सुख ही बरं झाल्यावरची गोष्ट, असं मी धरून चालले होते. आज मला तसं वाटत नाही. मात्र ‘हसत राहा, निरोगी राहा’ असंही मी म्हणत नाही. या दोहोंच्या मधे कुठेतरी मी येऊन पोचले आहे, आणि ते नीट सांगायचं तर थोडं लांबून सुरुवात करावी लागेल.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. दोघं वेल्लोरला शिकलेले, नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काही वर्षं काढलेले, मग अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतलेले. पाठोपाठ ७२चा दुष्काळ आला. आरोळ्यांनी सुरुवातीला गावांत शिकलेल्या नर्सा ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेली तरुण, एकटी नर्स गावात रुजेना. गावाला ती परकी आणि तिला गाव परकं. मग गावातलीच, गावाने निवडलेली, बहुधा चार लेकरांची आई झालेली बाई शिकवायची असं ठरलं. त्यांत दलित बाया होत्या, विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. हा इतिहास नोकरीत असताना मला कुणी सांगितला नव्हता. निवृत्तीनंतर आरोळे पतिपत्नींचं पुस्तक हाती आलं तेव्हा कळला. ‘परकी नर्स’ वाचताना हे तर आपलंच वर्णन चाललंय असं वाटलं आणि पुस्तक बरेच दिवस टेबलावर पालथं पडून राहिलं.

त्या दोघांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. १९८८ साली त्यांच्या आरोग्यसेविकांपैकी मुक्ताबाई पोळ वॉशिंग्टनला जाऊन मोठमोठ्या आरोग्यतज्ज्ञांपुढे बोलून आल्या. एवढं सगळं आमच्या शेजारच्या तालुक्यात चाललं होतं, आणि आम्ही उपकेंद्रात बसून टार्गेटचे आकडे जुळवत होतो.

आता लाल गोळ्यांविषयी. गरोदर बाईला रक्तवाढीच्या शंभर गोळ्या द्यायच्या, हे माझं काम. द्यायची मी. रजिस्टरात ‘दिल्या’ असं लिहायची, खाली सही. साहलीच्या नळीत रक्ताचा रंग जुळवून पाहिला की हिमोग्लोबिन पुन्हा सात, साडेसात. गोळ्या जातात कुठे? घरोघर फिरताना त्या सापडायच्या. कधी देवळीत दिव्यामागे, कधी अंथरुणाच्या वळकटीत, एकदा तर ज्वारीच्या कणगीत. विचारलं की उत्तर ठरलेलं. “नर्सबाई, ही गोळी घेतली की प्वार मोठं व्हतं पोटात. मंग अडल्यावर कोण, तुमी येणार का रातच्याला?” कुणी म्हणायची, गोळीने शौचाला काळं होतं, सासू म्हणते उष्ण पडलं. कुणाला मळमळायचं. मळमळणारच, कारण घरातलं सगळ्यांचं जेवण झाल्यावर पातेल्यात जे उरेल ते ती खाणार, आणि काही उरलं नसेल तर गोळी उपाशीपोटीच. हे मला दिसत होतं. पण त्यावर माझा उपाय एकच, आवाज चढवून सांगणे.

शेजारच्या गावात जामखेडला जाणारी एक बाई होती. तिच्या गावातल्या गरोदर बायांचं रक्त आमच्याकडच्यांपेक्षा बरं निघायचं. मी पहिल्यांदा ते तिच्या खोट्या नोंदींवर ढकललं. मग एका दुपारी लसीचा डबा घेऊन गेले तर ती तिच्या ओट्यावर बसलेली, भोवती तीन-चार पोटुशा बाया, दोन सासवा आणि एक म्हातारी. प्रत्येकीने आपली भाकरी फडक्यात बांधून आणलेली. कुणाची शेंगदाण्याची चटणी, कुणाची मेथी. जेवण, मग गोळी, मग पाणी, आणि सगळा वेळ नवऱ्यांच्या नकला. मी दिसले तशी ती मैफल चिडीचूप झाली. त्या शांततेचा मला राग आला होता हे आठवतंय. त्या बाईने माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, “बाई, एकटीला गोळी गिळवत नाय.”

त्यावर मी काय म्हणाले ते आठवत नाही. बहुधा लसीकरणाची यादी मागितली असेल.

पुढे अनेक वर्षांनी त्या ओट्याचा हिशेब माझ्या ध्यानात आला. तिथे जे घडत होतं त्यात चमत्कार काही नव्हता. दुपारी ओट्यावर जायचं असल्याने त्या सुनेला त्या वेळी हक्काने जेवता येत होतं. सासूच समोर बसलेली असल्यामुळे गोळीवरचा संशय चार जणींच्या साक्षीने मिटत होता. मळमळलं तर शेजारची सांगायची, मलाही पहिले आठ दिवस झालं, मग थांबलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, दिवसातून एकदा कुणीतरी तिची वाट पाहत होतं. ते सुख भाकरीच्या आणि गोळीच्या वाटेने रक्तात उतरत होतं. मी फक्त गोळी पोचवत होते.

इथे एक सावधगिरी पाळायला हवी. १९७१च्या सुमारास जामखेडच्या त्या गावांत हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती आणि नव्वदच्या दशकात तो आकडा तिशीच्या खाली आला, तो काही बाया आनंदी झाल्या म्हणून नव्हे. बोअरवेलचं पाणी आलं, लशी आल्या, नाळ स्वच्छ पात्याने कापली जाऊ लागली, जुलाबात पोराचं पाणी बंद करण्याऐवजी पाजलं जाऊ लागलं. बाळं या गोष्टींनी वाचली. पण या गोष्टी घरात शिरल्या त्या अशाच बाईच्या हातून, जिला बोलायचं धैर्य आलं होतं आणि जिचं घरात ऐकलं जाऊ लागलं होतं. ते धैर्य त्या आठवड्याच्या ‘गप्पांत’ तयार होत होतं. कुष्ठरोगाचंही तेच. गावाने वाळीत टाकलेला माणूस चट्टा लपवतो, लपवण्यात वर्षं जातात आणि बोटं जातात. ज्या गावात त्याला पंगतीत बसवलं जातं तिथे तो चट्टा दिसताच दाखवायला येतो. औषध दोन्ही गावांत एकच.

माझ्या मतात खरी उलथापालथ झाली ती मात्र दुसऱ्याच तक्रारीने, आणि हे लिहिताना आजही थोडा संकोच वाटतो. ओपीडीत बायांची सगळ्यात मोठी तक्रार कोणती, तर अंगावरून पांढरं जातं. त्याच्या जोडीला कंबर दुखते, पिंढऱ्या ओढतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, जीव लागत नाही. आमच्याकडे या तक्रारीला दोन उत्तरं होती. घाईत असलो की गोळ्यांची पुडी, आणि फारच घाईत असलो की, “काही नाही गं, मनाचं आहे, डोक्यातून काढून टाक.” दुसरं उत्तर मीही पुष्कळदा दिलं आहे.

डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत घरोघरच्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि त्याचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्यांतल्या जेमतेम ८ टक्क्यांची आधी कधी तपासणी झाली होती. जगाला ते हादरवणारं होतं. मला ते समजलं फार उशिरा, एका प्रशिक्षणात. ‘मनाचं आहे’ म्हणून मी ज्यांना परत पाठवलं त्यांतल्या कितीजणींना खरोखर जंतुसंसर्ग होता, याचा विचार त्या रात्री सुटला नाही. मग मी उलट्या टोकाला गेले. प्रत्येक पांढऱ्या पाण्याला संसर्गाची गोळी.

त्याचाही उपयोग अर्धाच झाला. काही बाया बऱ्या झाल्या, काही पुन:पुन्हा येत राहिल्या. तपासणीत काही सापडत नव्हतं आणि त्रास तर होताच. त्या बायांचे चेहरे मला पाठ झाले होते. एकीचा नवरा दारू प्यायचा, एकीला तीन मुलींवर चौथं बाळंतपण होतं, एक दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जायची आणि उन्हाळ्यात परत यायची ती निम्मी होऊन. पुढे कळलं की याच प्रश्नावर डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास केला होता, २००५च्या सुमारास तो प्रसिद्ध झाला. पांढरं जाण्याची तक्रार आणि प्रत्यक्षातला संसर्ग यांचा मेळ तिथे फारसा बसला नव्हता; मनावरचा भार, थकवा, अंगदुखी, घरातली काळजी यांच्याशी तो कितीतरी अधिक बसला होता.

गडचिरोली आणि गोवा एकमेकांना खोटं पाडतात असं मला सुरुवातीला वाटलं. तसं नाही. आधी तपासा, असं गडचिरोली सांगते. तपासणीत काही निघालं नाही म्हणजे बाई खोटं बोलते असं समजू नका, असं गोवा सांगतो. कंबर खरंच दुखत असते. दुखणं कुठून आलं हा पुढचा प्रश्न, आणि तो विचारायला बसावं लागतं. बसण्याचं काम जामखेडच्या बाया करत होत्या, हे एव्हाना माझ्या डोक्यात शिरायला लागलं होतं.

तरीही मनातली एक गाठ सुटत नव्हती. दुःख होतं, मग माणूस जेवत नाही, झोपत नाही, औषध घेत नाही, आणि आजारी पडतो, हे समजतं. पण दुःख थेट, मधे काही न घालता, शरीरात शिरतं का? माझी भाची पुण्यात मानसोपचार शिकत होती. सुट्टीला आली की माझ्याशी वाद घालायची. एकदा तिने मला एक अभ्यास वाचून दाखवला. अमेरिकेतला, १९९५चा, जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर नावाच्या बाईंचा. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची रात्रंदिवस सेवा करणाऱ्या तेरा स्त्रिया घेतल्या, त्यांच्याच वयाच्या, पण तसा भार नसलेल्या तेरा दुसऱ्या घेतल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. भार नसलेल्यांना सरासरी ३९ दिवस लागले, सेवा करणाऱ्यांना जवळजवळ ४९.

जखम हा माझा विषय. ड्रेसिंग करण्यात माझा हात धरणारी नर्स आमच्या केंद्रात नव्हती. आणि हे मला पक्कं ठाऊक होतं, की दमा किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असलेल्या पेशंटची जखम लवकर भरत नाही. भाची म्हणाली, “मावशी, काळजीत शरीर स्वतःच स्टेरॉइड तयार करतं. कॉर्टिसॉल. दिवसाचे चोवीस तास, बिनाचिठ्ठीचं.” त्या एका वाक्याने जे झालं ते दहा व्याख्यानांनी झालं नसतं. कॉर्टिसॉल शाळेत शिकले होते, स्टेरॉइडच्या जखमा हाताने बांधल्या होत्या. दोन्ही गोष्टी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या. तेरा आणि तेरा म्हणजे काही फार मोठा आकडा नाही, हे भाचीनेच सांगितलं. तशा प्रकारचे इतरही अभ्यास त्यानंतर झाले, हेही तिनेच.

इथवर वाचून कुणाला वाटेल की आता ही बाई हास्यक्लब काढणार. भाचीलाही तेच वाटलं होतं.

आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर कुणीतरी आणून लावलेलं मेहेरबाबांचं कॅलेंडर असायचं. नगर जिल्ह्यातल्या माणसाला मेहेरबाबा सांगावे लागत नाहीत. दौंड रस्त्याला अरणगावचं मेहेराबाद, पिंपळगावकडे मेहेराझाद, १९२५पासून अखेरपर्यंत पाळलेलं मौन, ३१ जानेवारीची अमरतिथी. ‘चिंता करू नका, आनंदात राहा’ या अर्थाचं त्यांचं इंग्रजी वचन जगभर पोस्टरांवर गेलं. अमेरिकेतल्या बॉबी मॅक्फेरिन या गायकाने ते असंच एका पोस्टरवर पाहिलं आणि त्यावरून केलेलं गाणं १९८८ साली सगळीकडे वाजलं. आमच्या नगरचं वचन असं जगभर फिरून पुन्हा रिक्षांत वाजायला लागलं तेव्हा मलाही मजा वाटली होती.

पण भिंतीवरच्या त्या वाक्याची मला चीड यायची. समोर हिमोग्लोबिन सहा असलेली बाई आणि तिच्या डोक्यावर ‘चिंता करू नका’. फार उशिरा समजलं की मूळ वचन एवढंच नाही. त्याच्या आधी आपल्याकडून होईल तेवढं सगळं करा असं आहे, आणि नंतर मी तुम्हाला मदत करीन असं आश्वासन आहे. पोस्टरवाल्यांनी पुढचं-मागचं कापून मधलं तेवढं छापलं. प्रयत्न गेला, मदत गेली, उरली ती आनंदी राहण्याची सक्ती. शिवाय ते वचन सांगणाऱ्या माणसाला दोन मोटार अपघात झाले होते, १९५२ साली अमेरिकेत आणि १९५६ साली साताऱ्याजवळ. दुसऱ्यात कंबरेला झालेल्या दुखापतीच्या वेदना शेवटपर्यंत गेल्या नाहीत. त्यांचे भक्त सांगतील त्याहून वेगळं मला काही म्हणायचं नाही. मला एवढंच दिसतं की आनंद आणि ठणठणीत शरीर यांचा रोखीचा व्यवहार खुद्द तिथेही नव्हता.

ही सक्ती किती क्रूर होऊ शकते ते मी घरात पाहिलं. माझ्या जाऊबाईंना स्तनाचा कॅन्सर झाला. भेटायला येणारा प्रत्येक जण डबा आणायचा आणि जाताना एक वाक्य ठेवून जायचा, “पॉझिटिव्ह राहा, निम्मा आजार तिथेच बरा होतो.” एके दिवशी दार लावून घेतल्यावर त्या मला म्हणाल्या, “म्हणजे उद्या वाढला तर तोही माझ्याच रडण्याने का?” माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तेव्हा नेमकं सांगता आलं नाही. आता येतं. स्टॅनफर्डचे डेव्हिड स्पीगल यांनी १९८९ साली एक अभ्यास छापला होता. स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या ८६ स्त्रियांपैकी ज्या दर आठवड्याला एकत्र बसून बोलत होत्या त्या इतरांच्या जवळपास दुप्पट काळ जगल्या, असं त्यात निघालं. जगभर त्याचा गाजावाजा झाला. त्याच स्पीगलांनी तोच प्रयोग अधिक स्त्रिया घेऊन पुन्हा केला, आणि २००७ साली स्वतःच छापलं की आयुष्य वाढल्याचं या खेपेला एकंदरीत दिसलं नाही. मात्र असं एकत्र बसणाऱ्या स्त्रियांचं मन सावरतं आणि वेदना सुसह्य होतात, हे त्यांच्या अभ्यासांत दिसलं होतं. मला हा माणूस आवडतो. इतकी टाळ्या मिळवणारी गोष्ट परत घेणं सोपं नसतं.

ब्रिटनमधला अभ्यास तर आणखी स्पष्ट आहे. सात लाखांहून जास्त मध्यमवयीन स्त्रियांना विचारलं, तुम्ही किती वेळा आनंदात असता? मग सुमारे दहा वर्षं वाट पाहिली. २०१५च्या अखेरीस ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. दुःखी स्त्रिया जास्त मेल्या होत्या, हे खरं. पण सुरुवातीलाच कोण आजारी होतं, कोण सिगारेट ओढत होतं, कोण एकटं राहत होतं, हे सगळं हिशेबात धरलं तेव्हा निव्वळ दुःखी असण्याने मरण लवकर येतं असं दिसेना. आजाराने माणूस दुःखी होतो. दुःखाने आजारी पडतो असं दिसतं त्यातलं पुष्कळसं हे उलटं वाचलेलं असतं. जाऊबाईंना हे वाचून दाखवायला हवं होतं. रडा हवं तेवढं, गाठ त्याने वाढत नाही.

मग जखमेचं काय? सासूची सेवा करता करता जिची जखम नऊ दिवस जास्त उघडी राहते, तिच्या हातावर काय घडतं? यावर माझं आणि भाचीचं पूर्ण एकमत झालेलं नाही. ती म्हणते, आनंद आणि दुःख ही एकाच दोरीची दोन टोकं धरू नकोस. दीर्घकाळचा भार, ज्यात सुटकाही नाही आणि मदतही नाही, तो शरीराला झिजवतो, हसू येवो की न येवो. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या हजारो नोकरदारांचा जो जुना अभ्यास आहे, १९६७ला सुरू झालेला, त्यातही सर्वांत खालच्या पदावरच्यांचा मृत्युदर सर्वांत वरच्यांच्या सुमारे तिप्पट निघाला होता, आणि सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल मोजूनही त्या फरकाचा काही भागच उलगडत होता. शिपाई साहेबापेक्षा कमी हसतो म्हणून नव्हे. त्याच्या दिवसावर त्याचा ताबा नसतो. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या बाईला हे समजावून सांगायला लंडन लागत नाही.

माझं म्हणणं आता असं आहे. तब्येतीवर परिणाम करणारं जे सुख आहे ते एकट्याच्या डोक्यात बसून तयार करता येत नाही. ते दुसऱ्यांनी द्यावं लागतं. घरात आपलं ऐकलं जाणं, आपल्या जेवणाची कुणी चौकशी करणं, ओझं उचलायला दुसरा हात असणं, आपण कुणाच्या उपयोगी पडणं. तब्येतीला हे लागतं. हे ज्याला मिळत नाही त्याला ‘आनंदी राहा’ सांगणं म्हणजे त्याच्या ताटात वाढायचं सोडून त्याला ढेकर द्यायला लावणं.

निवृत्तीनंतर याची थोडी प्रचिती मलाही आली. नगरला सावेडीत फ्लॅट घेतला, यजमान गेले, मुलगी पुण्याला. ‘सिस्टर’ म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नाही. बीपी १७०-१००. ॲम्लोडिपिन सुरू झाली, डोस वाढला, बीपी हट्टी. उन्हाळ्यात सोसायटीतल्या बायांनी गच्चीवर कुरडया घालायला बोलावलं, मी गेले ती नाइलाजाने. तिथे एकीने हळूच विचारलं, सिस्टर, माझं बीपी बघता का? दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन वर गेले. मग ते रोजचंच झालं. कुणाची साखर, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाची न घेतलेली गोळी. काही महिन्यांनी माझंच बीपी १३४-८४. याचं श्रेय गच्चीला द्यायला मला फार आवडेल, पण त्याच सुमारास मी पापड-लोणचं सोडलं होतं आणि जिने चढत होते. तेव्हा कशाने किती उतरलं, हे माझ्या डॉक्टरांनाही सांगता येणार नाही. २०१० साली १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांवर माणसांची माहिती एकत्र करून काढलेला एक निष्कर्ष मात्र मी वहीत लिहून ठेवला आहे: ज्यांची माणसांशी नाती घट्ट, त्यांची त्या-त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता पन्नास टक्क्यांनी जास्त. हास्यक्लबाबद्दलही त्यामुळे माझं मत जरा निवळलं आहे. बागेत हात वर करून हा-हा-हो-हो करणारे पाहिले की अजूनही मला हसू येतं. पण त्यांच्यातला एखादा दोन दिवस आला नाही की तिसऱ्या दिवशी बाकीचे त्याच्या दाराची बेल वाजवतात, हे मी पाहिलं आहे.

आमच्या भागात एक आशाताई येते. २००५नंतर सरकारने गावोगावी आशा नेमल्या. जामखेडसारख्या प्रयोगांची सावली त्यामागे आहे असं जाणकार सांगतात. फरक असा की हिला प्रत्येक कामामागे पैसे, आणि ओट्यावर बसणं हे काम त्या यादीत नाही. परवा सर्वेक्षणाचे फॉर्म घेऊन आली. चेहरा ओढलेला. मी सवयीने म्हणणार होते, किती धावपळ करतेस, जरा हसत जा. त्याऐवजी तिचा दंड पुढे ओढला आणि पट्टा बांधला. १५८-१००. वय चाळिशीच्या आत. “मॅडम, मी घरोघरी बीपी तपासायला सांगत फिरते, माझं कुणी बघितलंच नव्हतं,” म्हणाली. तिला आधी जेवायला वाढलं, मग सिव्हिलला माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं, आणि रात्री झोप किती वेळ होते ते विचारलं ते या दोन गोष्टींनंतर. आता ती आठवड्याला येते. मी पट्टा बांधते, ती बोलते, मधे कधीतरी दोघी हसतो. गोळी नियमित चालू आहे, बीपी उतरतंय. मानधन मात्र अजून दोन महिन्यांचं थकलेलं आहे.